बिल्ला

जर्मनीतल्या वायमारच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याने टेबलक्लॉथ अंथरून त्यावर सोव्हिएत सैन्याचं उरलंसुरलं मांडलं होतं. चांदणीच्या बकलाचे पट्टे, फरच्या टोप्या, एक ॲल्युमिनियमची वाटी. त्यात हा बिल्ला होता. पांढऱ्या एनॅमलचा लंबगोल, भोवती सोनेरी पानांची माळ, मध्ये लाल तारा, वर फडकणारा लाल झेंडा आणि त्यावर रशियन अक्षरांत एकच शब्द : ग्वार्दिया. म्हणजे गार्ड्स. म्हातारा दहा युरो म्हणाला, मी सात दिले. नगरची सवय, सांगितलेल्या भावात काही घेतलं तर रात्री झोप येत नाही.

घरी येऊन बिल्ला उलटा केला. मागे पिन नव्हती. जाड स्क्रू आणि त्यावर फिरवायची गोल चकती.

अण्णांचं भिंगारला शिलाईचं दुकान. कॅम्पातल्या जवानांचे युनिफॉर्म फिटिंग करणं, फिती लावणं, नावाच्या पट्ट्या शिवणं, यावर आमचं घर चाललं. मी अक्षरं गिरवायला लागायच्या आधी खांद्यावरच्या खुणा ओळखायला लागले. जवान दोन-तीन वर्षांत बदलून जायचा, दुसरा यायचा, आणि अण्णा पत्र्याच्या डब्यातून तीच खूण काढून नव्या खांद्यावर शिवायचे. केके रेंजला फायरिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी वाजायची. आई दूध उतू गेल्याइतकंच त्याच्याकडे लक्ष द्यायची. लष्कराच्या शेजारात वाढलेल्या माणसाला लष्कर म्हटल्यावर युद्ध आठवत नाही. त्याला उधारी आठवते, बदल्या आठवतात.

त्यामुळे येनात राहायला आल्यावर, इथे पंचेचाळीसेक वर्षं एक अख्खी सोव्हिएत आर्मी मुक्कामाला होती हे कळलं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की यांचे कपडे कोण शिवत असेल?

ती आर्मी म्हणजे आठवी गार्ड्स आर्मी. आर्मी हा शब्द इथे सबंध सैन्य या अर्थी नाही. चार-पाच डिव्हिजन एका सेनापतीच्या हाताखाली दिल्या की होते ती आर्मी. मूळची ही ६२वी. सप्टेंबर १९४२मध्ये व्हासिली चुइकोव्ह तिचे सेनापती झाले तेव्हा स्टालिनग्राडमध्ये तिच्या पाठीला व्होल्गा नदी टेकत आली होती. चुइकोव्हने शक्कल काढली ती अशी की जर्मनांच्या इतकं जवळ राहायचं, हातबॉम्ब फेकण्याच्या अंतरावर, की वरून त्यांच्या विमानांना बॉम्ब टाकायची सोय राहू नये. ते शहर टिकलं, आणि एप्रिल १९४३मध्ये ६२वीची आठवी गार्ड्स झाली. गार्ड्स ही पदवी कमवावी लागायची. मग युक्रेनमधलं दोनबास, झापोरिझ्झिया, ओडेसा, पोलंडमधलं लुब्लिन. १ मे १९४५च्या पहाटे हिटलर मेल्याची बातमी घेऊन जर्मन जनरल क्रेब्स बर्लिनच्या टेम्पलहोफ भागात आला, तो चुइकोव्हच्याच मुक्कामावर. इथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत, सिनेमांत, पुतळ्यांत सगळीकडे आहे. मला ओढ लागली ती पुढची. जिंकून झाल्यावर आर्मी करते काय?

तर ती राहते.

थुरिंगिया, म्हणजे वायमार-येनाचा हा प्रांत, खरं तर अमेरिकनांनी जिंकला होता. जुलै १९४५च्या सुरुवातीला, आधी ठरलेल्या वाटणीप्रमाणे, ते निघून गेले आणि सोव्हिएत आले. प्रांताच्या सोव्हिएत लष्करी प्रशासनाचे प्रमुख झाले चुइकोव्ह. आठव्या आर्मीचं मुख्यालय पुढे वायमारच्या पश्चिमेला नोरा नावाच्या गावी होतं, धावपट्टीच्या शेजारी. मी गेले आहे तिथे. बघण्यासारखं काही नाही. सपाट माळ, वारा, गोदामं. पण याच नोरात मार्च १९३३मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन सव्वा महिना झाला असेल-नसेल, एका शाळेच्या इमारतीत नाझींनी छळछावणी उघडली होती. अगदी पहिल्यांपैकी एक. समोर दिसते ती एटर्सबर्गची टेकडी, बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीची. ती छावणी ११ एप्रिल १९४५ला सुटली, आणि ऑगस्टमध्ये त्याच बराकींत सोव्हिएत गुप्त पोलिसांनी आपले कैदी भरायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९५०पर्यंत तिथे सुमारे २८ हजार माणसं होऊन गेली, सात हजारांहून जास्त भूक आणि आजारांनी मेली. ती छावणी आर्मीची नव्हती, हे खरं. पण टेकडी खिडकीतून दिसते.

डिव्हिजन गावोगाव पसरल्या होत्या. एक हालेला, एक नाउमबुर्गला, रणगाड्यांची येनाला, एक ओर्ड्रुफला. ओर्ड्रुफमध्ये लहानपणी बाख मोठ्या भावाकडे राहिला होता, हे इथले लोक तुम्हाला आधी सांगतात. बाकीचं विचारलं तर सांगतात.

आमच्या तळमजल्यावरच्या आजी न विचारताही सांगतात. त्यांचं माहेर वायमारजवळच्या खेड्यातलं. सरकारी भाषेत सोव्हिएत सैनिकांना ‘मित्र’ म्हणायचं, म्हणून लोकही म्हणायचे, पण तोंड जरा वाकडं करून. “काल रात्री मित्र आमच्या बटाट्यांवरून गेले,” असं. आपल्याकडे जावयाला ‘पाहुणे’ म्हणतात ना, तो स्वर. अधिकारी बायकामुलांसह राहायचे, त्यांची दुकानं होती. तिथे कधी कधी जर्मन बाजारात न मिळणाऱ्या वस्तू मिळत, म्हणून आजींची आई सायकल मारत जायची. पण साधा सैनिक, अठरा-एकोणीस वर्षांचा, कधी दिसतच नसे. त्याची दोन वर्षं हिरव्या फाटकाच्या आत जायची. फाटकावर लाल चांदणी.

एक मात्र दिसायचा. रात्री रणगाड्यांचा ताफा जायचा असला की प्रत्येक चौकात एक पोरगा उतरवून ठेवत, काळी-पांढरी दांडी हातात देऊन. ताफ्याला वाट दाखवायची. ताफा निघून जायचा आणि पोराला परत न्यायला कोणी यायचंच नाही. कधी सकाळपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. आजी सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या आईने अशा एकाला आलुबुखाराचा मुरंबा लावून पाव दिला होता. “तो बसेना,” आजी म्हणाल्या. “आई खुणेने सांगतेय बस, बस. उभ्यानेच खाल्लं. दांडी काखेत धरून. डोळे मंगोलांसारखे, कुठल्या कुठून आलेला.” मग थोडं थांबून, “हात फार घाणेरडे होते.”

या आजींनीच मला १९५३ सांगितलं. १७ जूनला पूर्व जर्मनीभर कामगार रस्त्यावर उतरले, येनातही. होल्झमार्क्टवर, जिथे मी रोज ट्राम बदलते, तिथे गर्दी उसळली आणि सोव्हिएत रणगाडे आले. आल्फ्रेड डीनर नावाचा २६ वर्षांचा कारागीर पकडला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत लष्करी न्यायालयाच्या हुकमाने वायमारमध्ये त्याला गोळ्या घातल्या. एका दिवसात अटक, खटला, शिक्षा, अंमल. चुइकोव्ह त्याआधी जर्मनीतल्या सगळ्या सोव्हिएत फौजांचे प्रमुख होते, पण जेमतेम काही आठवड्यांपूर्वी बदलून गेले होते. नशीब म्हणावं का? मला ते ठरवता येत नाही.

पलीकडच्या बाजूने या आर्मीकडे कसं पाहिलं जायचं, ते बघायला आम्ही एका रविवारी पॉइंट आल्फाला गेलो. थुरिंगियातलं गाइसा आणि हेसनमधलं राझडोर्फ यांच्यामधली टेकडी. इथे अमेरिकनांचा टेहळणी मनोरा, समोर हाकेच्या अंतरावर पूर्व जर्मनांचा. मधून जाते ती फुल्डाची खिंड. खिंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावनखिंड येते, दोन कडे आणि मध्ये चिंचोळी वाट. इथे तसलं काही नाही, दोन डोंगररांगांमधला ऐसपैस सखल भाग, हिरवीगार शेतं, गाई. पण इथून फ्रँकफर्ट सरळ रेषेत नगर-पुण्याएवढं. तिसरं महायुद्ध झालंच तर आठवी गार्ड्स याच वाटेने उतरणार, असं धरून अमेरिकेचं पाचवं कोअर, म्हणजे आर्मीपेक्षा लहान असा डिव्हिजनांचा गट, चार दशकं समोर बसून होतं. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल १९५८मध्ये कोवळे लेफ्टनंट म्हणून याच खिंडीच्या राखणीला आले आणि १९८६मध्ये त्याच कोअरचे सेनापती होऊन परत आले. अठ्ठावीस वर्षं, खिंड तीच, समोरची आर्मी तीच. दोन्हीकडची पोरं मात्र किती वेळा बदलली असतील! आणि कोणी उतरलं नाही. मनोऱ्यावर उभी राहून मी बराच वेळ एका ट्रॅक्टरकडे बघत होते.

मग सगळं फार भराभर झालं. सप्टेंबर १९९०चा करार, १९९४ अखेरपर्यंत जर्मनी सोडायची. जवळजवळ साडेतीन लाख सैनिक आणि त्यांच्या बायकामुलांसह कर्मचारी मिळून साडेपाच लाखांच्या आसपास माणसं परत न्यायची होती. जर्मनीने १२ अब्ज मार्क आणि वर ३ अब्ज बिनव्याजी कर्ज दिलं. त्यातले ७.८ अब्ज केवळ परतणाऱ्यांना घरं बांधायला, कारण ज्या देशात परतायचं तिथे राहायला जागा नव्हती, आणि निघेपर्यंत तर तो देशच राहिला नाही. हालेची डिव्हिजन उरल पर्वताच्या बाजूला, ओरेनबुर्ग प्रांतात तोत्स्कोयेला गेली. ३१ ऑगस्ट १९९४ला बर्लिनमध्ये निरोपाचा सोहळा झाला. रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी जेवणानंतर बँडवाल्याची काठी घेऊन स्वतःच बँड चालवला, ते चित्र जगाने पाहिलं.

त्याच १९९४च्या फेब्रुवारीत आमच्या नगरला रणगाडा संग्रहालय उघडलं. शाळेची सहल गेली होती. आम्ही पोरी रणगाड्याच्या पट्ट्यांत फुलं खोचत होतो आणि गुरुजी ओरडत होते.

रिकाम्या बराकी इथे अजून आहेत. गेल्या वर्षी अशा एकीत शिरले, शिरू नये अशी पाटी असताना. भिंतीवरचा कागद सोलवटला होता आणि त्याच्याखाली रशियन वर्तमानपत्रं चिकटवलेली. भिंत गुळगुळीत व्हावी म्हणून आधी पेपर लावायचा आणि वरून फुलाफुलांचा कागद. कोणा अधिकाऱ्याच्या बायकोने हौसेने केलेलं असणार. बदलीच्या घराला कोणी एवढं करत नाही. तिला वाटलं असेल, राहायचंय.

आठवी गार्ड्स व्होल्गोग्राडला गेली. म्हणजे स्टालिनग्राडला, जिथे ती घडली तिथेच. चुइकोव्ह तिच्या आधीच तिथे पोचले होते. १९८२मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे क्रेमलिनच्या भिंतीऐवजी मामायेव कुर्गान टेकडीवर, आपल्या सैनिकांजवळ, त्यांना पुरलं होतं. आर्मी परतली खरी, पण झिजून कोअर उरली होती. १९९३मध्ये तिचे प्रमुख झाले लेव्ह रोखलिन, आणि डिसेंबर १९९४मध्ये हुकूम आला, चेचन्या. रशियातून फुटू पाहणारा प्रांत.

चेचन्याची राजधानी ग्रोझनीवरच्या ३१ डिसेंबरच्या हल्ल्याबद्दल जेवढं वाचावं तेवढं पोटात ढवळतं. नकाशे जुने, पोरं नवखी, मायकोपहून आलेली ब्रिगेड रेल्वे स्टेशनापाशी जवळजवळ संपली. रोखलिन धोपट रस्ता सोडून गवताळ माळावरून अडवाटेने आले होते, शहरात शिरताना त्यांनी मागची वाट राखली, आणि त्यांची माणसं टिकून राहिली. १९ जानेवारीला चेचेन राष्ट्राध्यक्षांचा वाडा पडला. मॉस्कोने रोखलिनना ‘रशियाचा वीर’ हा सर्वोच्च किताब देऊ केला. त्यांनी नाकारला. आपल्याच देशाच्या भूमीवर केलेल्या लढाईसाठी हा घ्यायचा नैतिक अधिकार मला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना संत करत नाही. ज्या शहरावर तोफा डागल्या त्यात म्हाताऱ्या रशियन बायकासुद्धा तळघरांत होत्या. पण बिल्ला नको म्हणणारा सेनापती मी अण्णांच्या दुकानात कधी ऐकला नव्हता. पुढे ते खासदार झाले, सरकारविरुद्ध उभे राहिले, आणि जुलै १९९८मध्ये गावाकडच्या घरात झोपेत गोळी लागून मेले. खटला पत्नीवर चालला, पुन:पुन्हा चालला, संशय मात्र कोणाचाच फिटला नाही. त्याच वर्षी आठवं कोअर मोडीत काढलं.

इथे संपायला हवं होतं. आर्मीलाही म्हातारपण असतं, तीही मरते, ठीक आहे.

पण २०१७मध्ये आठवी आर्मी पुन्हा उभी केली गेली, नोवोचेरकास्कला, युक्रेनच्या सीमेपासून फार लांब नाही. नवी माणसं, नवी मुख्यालयं, नाव मात्र जुनं, पदव्यांसकट. मला हे वाचताना एकदम आपली दत्तकविधानं आठवली. गादी रिकामी ठेवायची नाही. कोणी तरी बसवायचा, त्याला मूळ पुरुषाचं नाव लावायचं, की घराणं चालू. १८४८मध्ये साताऱ्याला डलहौसीने दत्तक नामंजूर केला तेव्हा राज्य गेलं. इथे नामंजूर करणारं कोणी नव्हतं. प्रश्न एवढाच की दत्तकाला काय काय मिळतं? वाडा मिळतो, तलवार मिळते. पुण्याई मिळते का? स्टालिनग्राड मागाल तर मग होल्झमार्क्टही वाट्याला येतो, त्याला नको म्हणता येत नाही.

आणि गावही कोणतं निवडलं! नोवोचेरकास्कमध्ये जून १९६२मध्ये दरवाढीविरुद्ध निघालेल्या कामगारांवर गोळीबार झाला, २६ माणसं मेली. त्या दिवशी जनरल मात्वेई शापोश्निकोव्ह यांनी जमावावर रणगाडे घालायला नकार दिला होता. रणगाडे घालावेत असा शत्रू मला समोर दिसत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. पुढे पक्षातून हाकलले गेले. आठव्या आर्मीच्या नव्या मुख्यालयात त्यांची तसबीर असेल असं मला वाटत नाही.

२०२२मध्ये ही आर्मी युक्रेनमधल्या मारियुपोलवर गेली. मे महिन्यात शहर पडलं तेव्हा पडायला फारसं काही उरलं नव्हतं. तिचे सेनापती आंद्रेई मोर्द्विचेव्ह मार्चमध्येच मारले गेल्याचं युक्रेनने जाहीर केलं होतं. ते जिवंत निघाले, आणि मे २०२५मध्ये रशियाच्या भूदलाचे प्रमुख झाले. तीच खुर्ची, जिच्यावर १९६०मध्ये चुइकोव्ह बसले होते. १९४३-४४मध्ये आठव्या गार्ड्सनी युक्रेन ओलांडला तेव्हा तिच्या रांगांत युक्रेनी पोरं होती. वायमारच्या बेल्व्हेडेर बागेत युद्धानंतर वारलेल्या सोव्हिएत सैनिकांचं आणि त्यांच्या बायकामुलांचं कबरस्तान आहे. जर्मनीने करारात शब्द दिल्याप्रमाणे गवत नीट कापलेलं असतं. मी अक्षरं लावत लावत नावं वाचते. एक ‘ओव्ह’वर संपतं, शेजारचं ‘एन्को’वर.

माझ्या जर्मनच्या वर्गात मारियुपोलची एक बाई आहे, माझ्याहून थोडी मोठी. एकदा पर्समधून पेन काढताना बिल्ला बाहेर आला. मला लपवायला वेळ मिळाला नाही. तिने उचलला, तळहातावर तोलला, उलटा केला, चकती फिरवून पाहिली.

“हा युद्धातला नाही,” ती म्हणाली. “नंतरचा आहे. हलका आहे. आजोबांचा जड होता.”

आणि मग, “किती दिलेस?”

“सात युरो.”

“जास्त दिलेस.”

तो जड बिल्ला आता कुठे आहे, हे मी विचारलं नाही. शिकवणाऱ्या बाई आल्या आणि आम्ही क्रियापदाचे भूतकाळ करायला घेतले.

रात्री व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. आर्मीची सगळी गोष्ट सांगायची होती, पण रेंज तुटत होती आणि अण्णांना ऐकू कमी येतं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांशी नेला.

“मागून दाखव.” मी उलटा केला. “स्क्रू आहे होय. मग कापडाला भोक पडणार की, बाळा.”

“हो, पडतच असेल.”

“पोरगा बदलून गेला, बिल्ला काढला, तरी भोक राहणार. धुलाईत फाटत जातं ते. आतून बकरमचा तुकडा लावायला पाहिजे आधीच. लावत होते का ते लोक?”

“माहीत नाही, अण्णा.”

“बघ विचारून कोणाला तरी,” अण्णा म्हणाले.